मामाचा डोळा आणि हर्षाचा मुहूर्त

३० नोव्हेंबर २०२५. माझ्या मुलीच्या, हर्षाच्या लग्नात विड्यांचा खर्च एक हजार चारशे पन्नास रुपये झाला. पाने, सुपारी, चुना सगळे धरून. विडे लावायला माझा मेहुणा बाबली, म्हणजे हर्षाचा मामा बसला होता. शेजारी माझी पुतणी सिद्धी केळीची पाने पुसत होती.

सिद्धी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाडांच्या विभागात शिकत होती तेव्हा मुळगावच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हात वर करायला लावी, गुडघा वाकवून बघे. दूधवालाही सुटला नाही. मग अपघात विभाग झाला आणि आता डोळे.

"गो अर्धे डाक्टरणी," बाबली तिला चिडवायचा, "माझ्या गुडघ्याक औषध कधी देतलंस?"

"पास झाले की, मामा. तवसर चालत रव."

त्या दिवशी चुन्याची पुडी उघडेना. बाबलीने ती जोरात दाबली आणि चुना सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात उडाला.

"माझो डोळो गेलो!"

कोणी तूप आणायला धावले. गाडीवाल्या निखिलने गाडी दारात लावली. आम्ही बाबलीला उचलणार, तोच सिद्धी आडवी आली.

"गाडी मागीर. आधी पाणी! चुनो आत रवलो तर वाटेतच डोळो जळतलो."

तिने त्याला बाकावर निजवले, पापणी बोटांनी उघडी धरली आणि चहाची किटली विसळून, साधे पाणी भरून डोळ्यात धार सोडली. पापणी उलटवून ओल्या कापसाने चुन्याचे कण काढले. पुन्हा धार.

"सोड गो, मुहूर्त चुकतलो! चेडवाक मांडवात कोण हाडतलो?" नवरीला मांडवात मामानेच आणायचे असते.

"तूच. पण अर्धो तास गप पड."

भटजी घड्याळ बघू लागले. हर्षाने आतून निरोप पाठवला, मामा आल्याशिवाय मी उठणार नाही. मग माझ्या बहिणींनी आणि वहिन्यांनीच मार्ग काढला. प्रत्येकीने मंगलाष्टक रचून आणले होते. एरवी भटजी दोघींनाच म्हणू देतात. नवरदेव अंतरपाटासमोर एकटा उभा आणि या त्याला आळीपाळीने ऐकवतायत.

"अजून किती?" त्याने हळूच विचारले.

"तुज्या नशिबान आज सगळ्यांचो गळो बरो आसा," माझी बहीण सुमन म्हणाली.

अर्ध्या तासाने सिद्धीने बाबलीसमोर बोटे धरली. "किती?"

"दोन. आणि तुझी साडी पुरी भिजली."

बाबलीने हर्षाला मांडवात आणले आणि लगेच इस्पितळात जायला गाडीत बसून अक्षता खिडकीतूनच टाकल्या. शेजारी सिद्धी किटली घेऊन बसलेली. इस्पितळात डॉक्टरांनी तपासले. बुबुळावर थोडे खरचटले होते, नजर शाबूत होती. त्यांनी सिद्धीलाही तपासणीच्या यंत्रातून वाकून बघायला लावले.

तिघे परतले तेव्हा शेवटची पंगत बसली होती. बाबली सिद्धीच्या पानात स्वतः जिलब्या वाढत राहिला. ती "पुरे" म्हणत होती आणि खातही होती.

डोळ्यात घालायचे थेंब एकशे शहाऐंशी रुपयांचे आले. ते निखिलने भरले. मला ते त्याला अजून द्यायचे आहेत.