भडक्याला धरणारे चौघे

राग माणसाच्या नाकावर असतो म्हणतात. भडक्याचा थेट मुठीत असे. मायदेशी असताना त्याने एका टपरीवाल्याचा जबडा मोडला होता, सख्ख्या मामाला ओट्यावरून खाली ढकललं होतं. तो परदेशी निघाला तेव्हा आई रडली खरी, पण शेजारपाजारच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

परदेशात त्याला काम मिळालं मांसाच्या कारखान्यात. साखळीला उलटी टांगलेली धडं समोरून सरकत यायची आणि हा सुऱ्याने त्यांचे खांदे उतरवायचा. दिवसभर कापून हात इतके भरून यायचे की संध्याकाळी कुणावर उगारायला उरतच नसत.

पण तो शांत झाला होता तो परवान्यापायी. ठरलेली वर्षं भरली आणि पोलिसात एकही तक्रार नसली, तर तिथे कायमचं राहता येई. मग बायको-पोरीला आणता आलं असतं. तोवर मुकादमाच्या मनात आलं की कुणालाही विमानात बसवून परत धाडत. पाळण्यात सोडून आलेली पोर आता शाळेत जात होती आणि त्याला ‘फोनवाले बाबा’ म्हणत होती. हे ऐकलं की भडक्या उरलेले महिने बोटांवर मोजायचा.

खोलीत सहाजण राहायचे, सगळे एकाच कारखान्यातले. त्यांचा एक रिवाज होता. ज्याचा परवान्यासाठी अर्ज गेला तो ‘काचेचा’. काचेच्या माणसाने हात उचलायचा नाही. त्याचं डोकं फिरलंच, तर बाकीच्यांनी आधी त्याला धरायचं, मग काय झालं ते विचारायचं. या रिवाजाने तिघांचे परवाने वाचवले होते. मुकादमालाही तो ठाऊक होता. परवाना हातात पडला की माणूस कारखाना सोडायचा, आणि तक्रार झाली की वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजत; म्हणून तो मेला मुकादम काचेच्या माणसालाच हेरून डिवचायचा.

भडक्याचा अर्ज गेला तसा मुकादमाने त्याला आईवरून शिव्या दिल्या. भडक्या सुरा चालवत राहिला. तोंडावर थुंकून झालं. भडक्याने बाहीने तोंड पुसलं आणि पुढचा खांदा उतरवला. मग एका दुपारी मुकादम त्याच्या धाकट्या भावाकडे वळला.

धाकट्याला भडक्यानेच बोलावून घेतलं होतं; खोलीतला सहावा तोच. तो फरशीवरचं रक्त नळीने धूत होता. पाणी बुटावर उडालं एवढं निमित्त झालं. मुकादमाने नळी हिसकावली आणि तिचं पितळी तोंड त्याच्या कपाळावर हाणलं. धाकटा गुडघ्यावर आला. दुसरा तडाखा कानावर बसला. मारत होता धाकट्याला, बघत होता भडक्याकडे.

“ये ना,” मुकादम म्हणाला. “ये की सोडवायला!”

भडक्या सुऱ्यासकट झेपावला आणि त्याच क्षणी खोलीतले चौघे धावले. धावले ते भडक्यावर. काकाने, म्हणजे त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने, कमरेला मिठी मारली. चष्मेवाला उजव्या हाताला लटकला. उरलेल्या दोघांनी त्याला खाली पाडलं आणि पायांवर बसले.

“सोडा! मारतोय तो त्याला!”

“पोरीला आठव रे, पोरीला आठव!” काका कानात ओरडत होता.

भडक्याने काकाच्या मनगटाचा लचका तोडला, तरी मिठी सुटली नाही. फरशीला गाल टेकवून त्याने सगळं पाहिलं. पितळ वर जायचं, खाली यायचं. धाकटा आधी ओरडत होता, मग नुसता कण्हत होता. मुकादमाला धरायला कुणीही गेलं नाही. दमल्यावर तो आपणच थांबला.

धाकट्याचा डावा डोळा गेला. ओल्या फरशीवर घसरला, असं कारखान्याने लिहून दिलं. त्याविरुद्ध बोलायला कुणाचीच जीभ रेटली नाही. भडक्याचीही नाही. याची लाज त्याला मरेपर्यंत पुरणार होती. एका डोळ्याचा माणूस कामाला नालायक ठरला आणि धाकट्याची परत पाठवणी झाली. विमानतळावर तो पट्टीआडून हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “दादा, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तुलाच धरलं असतं.”

त्यापेक्षा त्याने कानफटात मारली असती तर भडक्याला बरं वाटलं असतं.

परवाना आला तेव्हा काकाने हौसेने मिठाई आणली. भडक्याने कार्ड खिशात घातलं, मागे वळला आणि चष्मेवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. काचा गालात घुसल्या. दुसऱ्याचं डोकं त्याने कपाटावर आपटलं. तिसरा कोपऱ्यात दबला. मग त्याने काकाची गचांडी धरली.

“चौघं होतात ना रे? दोघांनी मला धरायचं होतं, दोघांनी त्याला सोडवायचं होतं! एवढंही डोकं चाललं नाही?”

“नाही सुचलं,” काका म्हणाला. “देवाशपथ, नाही सुचलं. धरायचं एवढंच येतं आम्हाला.”

भडक्याने मारलं. काकाच्या नाकातून रक्त ओघळलं. त्याने ते पुसलंही नाही. हात मागे बांधून तो नुसता उभा राहिला. त्याचाही अर्ज आता गेला होता. चष्मेवाल्याचा गेला होता, उरलेल्या दोघांचाही. आता चौघेही काचेचे.

“मार,” काका म्हणाला. “मी तक्रार करणार नाही.”

मार खाणारा तक्रार करणार नाही, हे मुकादमालाही असंच माहीत असणार, हे भडक्याला तेव्हा उमगलं. उमगलं, तरी हात थांबेना. तो मारत राहिला, आणि त्याला धरायला कुणीही पुढे आलं नाही.