रंजनाशेजारी कोण बसेल?

कुसुमबाई गेल्याचं त्यांच्या मुलाने कळंबहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेतच होतो. खुर्चीतून उठलो अन् उभाच राहिलो… बाई माझ्या आधीच्या मुख्याध्यापिका; त्या आत आल्या की आम्ही सगळे शिक्षक उठायचो, ती जुनी सवय.

निवृत्तीनंतर घरी आराम करायचा सोडून ही बाई सुधारगृहातून सुटलेल्या पोरांना घेऊन शाळांचे उंबरठे झिजवायची. कापूस मातीमोल झालेली ती वर्षं. आमच्या गावची रंजना, चौदा वर्षांची, कापूसचोरांच्या टोळीत सापडली. मोठी माणसं पळाली. हिने मात्र राखणदाराच्या डोक्यात दगड घातला. आठ महिने सुधारगृहात काढून आली, ती बाईंचा हात धरून थेट माझ्या, म्हणजे मुख्याध्यापकाच्या ऑफिसात. मी मुलखाचा भित्रा. म्हटलं, "बाई, पालक गोंधळ घालतील."

"घालू द्या ना सर. पोरीनं शिकाचं नाही तर काय पुन्हा चोऱ्या कराच्या?"

नाव दाखल केलं अन् गोंधळ झालाच. आठवीच्या दारात वीस-पंचवीस पालक. एक जण बाईंवर खेकसला, "तिच्या बाजूले कोणाची पोरगी बसवता? तुमची बसवता का?"

"हो. माही नात बसवतो."

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. नात यवतमाळच्या नावाजलेल्या शाळेत पहिली येणारी! पण चौथ्या दिवशी बाई तिचा दाखला घेऊन हजर. अरे, काय बाई होती! मुलगा वर्षभर आईशी धड बोलला नाही. नात मात्र रंजनाशेजारी बसली, दहावीपर्यंत. दोघी पास झाल्या. बाईंच्या मातीला रंजना आली होती, हमसून हमसून रडली.

त्याला महिना झाला. गेल्या सोमवारी सुधारगृहातून आणखी एक मुलगी आठवीत आली. पुन्हा दारात पालक, पुन्हा तोच प्रश्न. त्याच वर्गात माझी धाकटी शिकते. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "आपल्याच पोरीले कायले? गावात दुसऱ्या पोरी नाहीत का?"

मी धाकटीला हाक मारली. म्हटलं, "दप्तर उचल, तिच्या बाजूला बस." ती गेली. मी टेबल धरून उभा. दारातल्या पालकांकडे बघायचं धाडस होईना. इतकी वर्षं मी समजत होतो, बाईंना भीती ठाऊकच नव्हती. नातीला बसवते म्हणाल्या त्या दिवशी त्यांनाही असंच झालं असेल… अन् तरी त्या बोलल्या.