तीस किलो, चंद्रावरही

मला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं, सुजातानं केला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होते. त्याला आता महिना होईल. आदल्याच आठवड्यात मुरुमला जाऊन त्यांना भेटले होते. आजारानं त्यांची पार काडी झाली होती. उशी सरळ करायला त्यांना जरा उचललं, तर हाताला भारच लागेना. धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "बाई, चंद्रावर असल्यासारख्या हलक्या झालात." त्यांनी डोळे उघडले. "चंद्रावर वजन कमी होतं गं, वस्तुमान न्हाय. माझं वस्तुमानच गेलंय... मास्तरीण हायेस, नीट बोल."

त्यांना ही चूक का सोसायची नाही, ते मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं नववीत असताना चाचणीत प्रश्न होता : पृथ्वीवर तीस किलो वस्तुमान असलेल्या मुलीचं चंद्रावर वस्तुमान किती, वजन किती? मी लिहिलं, वस्तुमान तीस किलोच, वजन साधारण एकोणपन्नास न्यूटन. बाईंनी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'वस्तुमान पाच किलो'. वर्षानुवर्षं त्या तसंच शिकवत आल्या होत्या. मी पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये गेले. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. तीसला आधी पृथ्वीच्या, मग चंद्राच्या गुरुत्वत्वरणानं गुणून बघितलं. म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय. मी चुकले."

मुख्याध्यापक तिथंच होते. "जाऊ द्या बाई, पोरांना काय कळतंय?" आमच्या बौद्धवस्तीतून शिकून शिक्षिका झालेल्या बाई पहिल्याच. त्यांची चूक कधी सापडते, याची वाट बघणारे दोघंतिघं त्याच खोलीत बसले होते. बाईंना ते कळत नव्हतं असं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मी चुकीचं शिकवलं', आणि खाली ते गणित सोडवलं.

तेवढ्यावर भागलं नाही. रविवारी एसटीनं त्या जुन्या विद्यार्थ्यांकडं जाऊ लागल्या. एकदा मला सोबत नेलं. ढोकीला कारखान्यासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, त्यात त्यांचा एक विद्यार्थी स्टेअरिंगवर बसलेला. "बाई, एवढ्यासाठी इथवर आलाव?" तो हसायलाच लागला. बाई म्हणाल्या, "व्हय. चुकीचं मीच दिलं, मग परत घ्यायलाबी मीच यावं की." त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि हात मागं बांधून सगळं ऐकलं.

बाईंचे अंत्यसंस्कार आटोपल्यावर सुजातानं माझ्या हातात एक वही ठेवली. आत विद्यार्थ्यांची नावं, पुढं बरोबरच्या खुणा. काही नावांपुढं जागा मोकळी... त्यातलं पहिलं नाव मंगलचं. ती नळदुर्गला नवऱ्यासोबत ढाबा चालवते. परवा तिला फोन लावला. बाई गेल्याचं सांगितलं, मग चंद्रावर वस्तुमान बदलत नाही, हा बाईंचा राहिलेला निरोप सांगितला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"म्हंजे कुठंबी गेलं तरी आपण हाव तेवढ्याच राहतो की गं," ती म्हणाली.

मी तिच्या नावापुढं खूण केली.