माझ्या कथेतली पळालेली बाई

दिवाळी अंकासाठी ऐतिहासिक कथा लिहायची ठरवली तेव्हा मला स्वतःबद्दल अजिबात शंका नव्हती. लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीत नोकरी, हाताशी पुस्तकांचे ढीग, आणि विषय असा, की आमच्या महाराष्ट्र मंडळात कुणी त्याला हात लावला नव्हता: कॅरिबियन बेटावरच्या उसाच्या मळ्यातून एक गुलाम बाई पळते आणि डोंगरात स्वतंत्र झालेल्या लोकांपर्यंत पोचते. मळ्यावरचे मुकादम, चाबूक, शिकारी कुत्री, सगळं मी वाचून काढलं होतं. मंडळातले बाकीचे लेखक तेव्हा लेक डिस्ट्रिक्टची प्रवासवर्णनं लिहीत होते. त्यांना मी मनातल्या मनात केव्हाच मागे टाकलं होतं.

अंकाच्या संपादक होत्या जवळच्याच पिनर भागातल्या एक वहिनी. बोलायला गोड, कामाला वाघ. त्यांच्याकडे रविवारी दुपारी वाचन झालं. माझी नायिका वादळी रात्री काखोटीला गाठोडं मारून निघते, विजा चमकतात वगैरे. सगळ्यांनी वा वा केलं. कप ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याशी मावशी उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना चार वर्षांपूर्वी कराडकडच्या एका गावाहून घरकामासाठी आणलं होतं, आणि आम्ही सगळ्याच त्यांना मावशी म्हणायचो.

"ताई, गाठोडं घेतलेली बाई चार घरांपलीकडं जाणार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "अन् रात्री दाराला कुलूप असतंय. सकाळी निघायचं, राखेची बादली घेऊन. बादली घेतलेल्या बाईकडं कोण बघतंय?"

मी थक्क झाले. एवढी पुस्तकं वाचून मला हे सुचलं नव्हतं. घरी येऊन त्याच संध्याकाळी प्रसंग बदलला आणि वहिनींना ईमेल करून टाकला.

पुढच्या रविवारी मी वहीच घेऊन गेले. वहिनी बाहेरच्या खोलीत फोनवर होत्या तेवढ्यात मावशींना गाठलं. कपडे कसे न्यायचे? "दोन जोड एकावर एक घालायचे." आणि चप्पल? "रोजचीच. नवी घातली की नजरेत येतंय." मी भराभर लिहून घेत होते. ही उत्तरं इतक्या चटकन कशी येतात, हा प्रश्न माझ्यासारख्या हुशार बाईला पडला नाही. शेवटी मी विचारलं, "आणि फाटकाबाहेर पडल्यावर ती जाते कुठे?"

मावशींनी हातातलं फडकं पिळलं, झटकलं, वाळत घातलं.

"तेवढंच ठरत न्हाई," त्या म्हणाल्या. "ताई, तुमचं घर स्टेशनच्या अलीकडं का पलीकडं?"

माझं पेन थांबलं. मग त्यांनी तीन-चार वाक्यांत सगळं सांगितलं. पासपोर्ट साहेबांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, कपाटात. एकटीनं बाहेर पडायचं नाही. गावाला फोन महिन्यातून एकदा, तोही वहिनी शेजारी बसलेल्या असताना. गुरुवारी सकाळी कचऱ्याचा बिन फुटपाथवर नेऊन ठेवायचा, तेवढ्यापुरतं पुढचं दार त्यांच्यासाठी उघडायचं. आणि नेमकी तीच युक्ती मी कथेत घालून वहिनींना पाठवली होती.

"पलीकडे," मी म्हटलं. "चर्चपासून डावीकडे. निळं दार."

घरी येईपर्यंत मला स्वतःचा भयंकर राग आला होता. ईमेल उघडायला मन धजेना. वहिनींचं उत्तर आलेलं होतं: "बादलीची आयडिया मस्त गं. ती मालकीण किती बावळट असेल ना!" मी ते दोनदा वाचलं. त्यांना शंका येण्याचं काही कारणच नव्हतं. त्या स्वतःला मालकीण समजतच नव्हत्या. त्या रात्री मला बरी झोप लागली.

आमच्या लायब्ररीत सोमवारी कायद्याचा सल्ला द्यायला एक बाई येत. त्यांना विचारलं. मावशींना दुसरीकडे काम धरायची मुभा होती, आणि त्यांचा पासपोर्ट अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नव्हता. मला तेवढं पुरेसं होतं. गुरुवारची रजा टाकली.

मावशी पावणेआठला आल्या, अंगात एकावर एक दोन ड्रेस. चहाचा कप घेतला आणि खुर्चीत अगदी मागे टेकून बसल्या.

नऊला वहिनींचा फोन. "अगं, मावशी बिन तसाच टाकून कुठे गेल्यात कळत नाही. पोलिसांना कळवू का?"

"खुशाल कळवा," मी म्हटलं. "त्या माझ्याकडे आहेत आणि परत येणार नाहीत. त्यांचा पासपोर्ट आणून द्या, नाहीतर पोलिसांना मीच फोन करते." आवाज जराही हलला नाही. मला माझं कौतुकच वाटलं.

अर्ध्या तासात वहिनी दारात उभ्या. डोळे लाल, हातात पासपोर्ट. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, तो केला नाही.

"आम्ही तिला घरच्यासारखं वागवलं," त्या म्हणाल्या. "आणि समजा नाही वागवलं. तू चार वर्षं माझ्याकडे हळदीकुंकवाला येतेस. तिच्या हातच्या पुरणपोळ्या डब्यात भरून नेल्यास. एकदा तरी तिला विचारलंस, जेवलात का म्हणून?"

नव्हतं विचारलं. मागे स्वयंपाकघरात मावशी ऐकत होत्या, त्यामुळे खोटंही बोलता येईना. मी नुसता हात पुढे केला आणि पासपोर्ट मागितला.