सवतीचं बायबल

माझी धाकटी बहीण याकोमिना हिचं दुसरं लग्न झालं तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती, आणि गावात सगळ्यात जास्त पोटात दुखलं ते माझ्या. मला जन्मात एक बायको मिळाली नाही आणि हिला दोन नवरे, दोघेही बटाट्याच्या शेतीतले, दोघेही निर्व्यसनी. पण माझं सोडा. तिच्या स्वतःच्या जळफळाटापुढे माझा काहीच नव्हता.

तिचा पहिला नवरा क्रायन काही वर्षांपूर्वी गेला. समुद्राच्या बांधाजवळ राहणाऱ्या मरीनुसची बायको तन्ना, तीही त्याच सुमाराला गेली. दोन्हीकडच्या पोरांनी मिळून ठरवलं की म्हातारा-म्हातारी एका छपराखाली आली तर आपल्या फेऱ्या वाचतील. एप्रिलमध्ये पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला आणि याकोमिना आपल्या चादरी, आपली भांडी घेऊन मरीनुसकडे राहायला गेली.

आमच्या या समुद्रकाठच्या झीलंड प्रांतात जेवण झालं म्हणून कुणी लगेच उठत नाही. ताटं तशीच राहतात. घरचा पुरुष बायबल काढतो, खुणेची फीत असेल तिथून एक अध्याय वाचतो, फीत पुढे सरकवतो, देवाचे आभार मानतो, मग भांडी. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानावरच्या उत्पत्तीपासून. लग्नानंतरच्या पहिल्याच दुपारी मरीनुसनं फळीवरचं चांदीच्या कडीचं बायबल काढलं. ते तन्नाच्या माहेरचं. फीत पुस्तकाच्या मध्यावर, स्तोत्रांमध्ये होती, कारण तन्नानं अंथरूण धरलं तेव्हा वाचन तिथंच थांबलं होतं. त्यानंतर एकटा असताना तो उभ्या उभ्याच काहीतरी खायचा आणि वाचायचं टाळायचा. आता टेबल पुन्हा मांडलं गेलं, तसा तो सोडलं होतं तिथून पुढे निघाला. वाचता वाचता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि इतक्या दिवसांचा आखडलेला चेहरा मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी याकोमिना माझ्या बेकरीत.

"समोर बसलेय मी," ती म्हणाली, "आणि वाचतोय तो तिला. पहिला अर्धा भाग तिनं ऐकला, उरलेला मला. उष्टं."

"अगं, देवाचं वचन उष्टं कसं होईल?"

"तू पाव दे, यान. धर्मशास्त्र पाद्रीबाबा बघतील."

मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही. ती भाजी करपवत नाही, घोरत नाही, म्हातारी होत नाही. पण याकोमिना माझी बहीण आहे, तिनं वाट काढली. मला ती कळली पावावरून. मे महिन्यात ती रोज एक पाव न्यायची. जूनमध्ये दोन, आणि वर दालचिनीच्या चिकट गोड वळ्या. सकाळच्या कॉफीबरोबर आता लोणी-पाव आणि खारवलेलं मांस येऊ लागलं, चहाबरोबर ताकाची लापशी. बशी मांडली की प्रार्थना आली, आणि प्रार्थना आली की शेवटी अध्याय आलाच.

"नाताळच्या आत संपवते," ती मला काउंटरवर वाकून म्हणाली. "एकदा उत्पत्तीला लागलो की पहिल्या शब्दापासून माझं. तिथं ती नाही."

"आणि तोवर तो फुटला तर?"

"शेतकरी माणूस आहे, पचवेल."

मरीनुस खरंच फुगत चालला. चर्चमध्ये बाकावर बसताना त्याच्या बंडीचं बटण माझ्या डोळ्यांदेखत तुटलं. पण स्तोत्रं काही सरेनात. एकशे एकोणिसावं स्तोत्र लांबलचक आहे, ते सगळेच तोडून वाचतात. मरीनुस पुढची चिमुकली स्तोत्रंसुद्धा तोडू लागला. चार ओळी वाचायच्या, खाकरायचं, फीत ठेवायची. ही ताटं वाढवत होती आणि तो घास लहान करत होता.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. रविवारी काम नको म्हणून शनिवारीच करून ठेवलेलं, मांसाचे गोळे घातलेलं सूप होतं. जेवण झालं. मरीनुसनं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं.

"एवढंच?" याकोमिनानं विचारलं.

"घसा बसलाय."

"तन्नाच्या वेळी बसायचा का रे?"

मी चमचा हळूच खाली ठेवला. असा रविवार रोज येत नाही.

मरीनुसनं टेबलावरचे चुरे बोटानं एका जागी गोळा केले. मग म्हणाला, "तू मला कशाला चारतेस, ते मला कळत नाही असं वाटतं? बाजाराआधी बैलाला चारतात तसं चाललंय. पण ही पानं मला सरायला नको आहेत, याकोमिना. एवढ्यात तर मला पुन्हा वाचता यायला लागलंय. शेवटचं पान आलं की ती उठून जाईल असं वाटतं."

"जाऊ दे की. जागा होईल."

"आणि तुझं काय?" त्यानं मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. "तुझ्या चादरींच्या तळाशी क्रायनचं बायबल आहे. मी कपाट उघडलं की ते दिसतं. तू ते या टेबलावर कधी आणलंस? त्याची फीत तू त्याच्यासाठी राखून ठेवलीयस. मी एका शब्दानं बोललो का?"

आता याकोमिनाचे कान लाल झाले. दोघंही इतके महिने जळत होती आणि गावाला फक्त एकीचाच धूर दिसला होता. मलासुद्धा.

ती उठली, आत गेली, पुस्तक घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवलं. "वाच."

"मी नाही. तुझ्या माणसाचं आहे, तू वाच."

दोन पुरुष टेबलाशी असताना बाईनं वाचायचं हे आमच्या आईला पटलं नसतं. याकोमिनानं चष्मा लावला. क्रायनची बायबल वाचनाची एक फेरी तो जाण्याआधी नुकतीच पुरी झाली होती, त्यामुळे फीत उत्पत्तीतच होती, पंचविसाव्या अध्यायावर. अब्राहामाची पहिली बायको सारा त्याआधीच मेलेली. आणि पहिलीच ओळ अशी की अब्राहामानं दुसरी बायको केली, तिचं नाव कटूरा.

मला हसू आवरेना. "ती काय खायला घालायची कोण जाणे," मी म्हटलं.

"गप्प बस, यान," दोघं एकदम म्हणाली.

ती पुढे वाचत गेली. कटूराची पोरं, त्यांची पोरं, मग अब्राहामाचं म्हातारपण, मरण. त्याला पुरलं, ते साराच्या शेजारी.

"आणि कटूरा?" तिनं विचारलं.

मरीनुसनं पुस्तक आपल्याकडे ओढून ओळींवरून बोट फिरवलं. "लिहिलेलं नाही."

चर्चच्या मागे तन्नाच्या कबरीच्या दगडावर तिच्या नावाखाली मरीनुससाठी जागा मोकळी आहे. क्रायनच्या दगडावरही आहे, याकोमिनासाठी. हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"म्हणजे मेल्यावर तू तिचा," याकोमिना म्हणाली.

"आणि तू क्रायनची. मला काय बरं वाटतं त्याचं?"

हे ऐकून तिला बरं वाटलं. मी तिला पाळण्यातली असल्यापासून ओळखतो, खोटं नाही सांगत. कुणीतरी आपल्यासाठी जळतंय, याच्याइतकी ऊब तिला तन्नाच्या सगळ्या स्तोत्रांनी दिली नव्हती. तिनं पुस्तक परत घेतलं आणि ती पहिली ओळ पुन्हा, सावकाश वाचली. वाचून झाल्यावर बोट तिथंच ठेवलं.

"नाव तरी घातलंय तिचं," ती म्हणाली.

"घातलंय. आणि अध्यायाच्या सुरुवातीलाच," मरीनुस म्हणाला. "दुपारी मी माझं वाचतो, संध्याकाळी तू तुझं वाच. आणि लापशी बंद कर बाई."

मग त्यानं हात जोडले, आम्हीही जोडले. त्यानं सुपाबद्दल आभार मानले, पावसाबद्दल मानले. मग इतकी वर्षं तन्ना दिलीस म्हणून, याकोमिनाला क्रायन दिलास म्हणून, आणि आता मला याकोमिना दिलीस म्हणून. मी एक डोळा उघडून बहिणीकडे पाहिलं. माणसांत आपला नंबर तिसरा लागलाय हे तिच्या बरोबर लक्षात आलं होतं, कारण आमेन म्हणायला तिनं चांगलाच वेळ घेतला. पण म्हणाली.