शंखातलं औषध

आमच्या घरात शंख दोन. एक देव्हाऱ्यातला आणि दुसरी मी. गणितात मार्क कमी पडले की आई मला सरळ शंख म्हणायची. पुढे मी विद्यापीठात औषधशास्त्रात संशोधन करू लागले, तेव्हा तिने तो शब्द सोडला. मत बदललं होतं की नाही, कोण जाणे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषांचा अभ्यास करत होते. आम्ही वाराणसीचे, समुद्र तिथून लांब, त्यामुळे शंकूच्या आकाराच्या शंखात राहणारी ती समुद्री गोगलगाय मी फक्त छापील चित्रात पाहिली. शंख इतका देखणा की कुणीही उचलून खिशात घालावा, आणि तसं करून माणसं मेलेली आहेत. ती माशाला भाल्यासारखा दात मारते आणि मासा जागच्या जागी लुळा पडतो. तिच्या विषात प्रथिनांचे अनेक बारीक तुकडे असतात. त्यातला एक, कण्यात सोडला तर वेदनेचा निरोप मेंदूकडे जाऊच देत नाही. परदेशात माणसांवर चाचण्या चालू होत्या. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असं मी वाचलं होतं आणि हरखून गेले होते.

हरखायला कारण घरातच होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, रामघाटावरचे ऋग्वेदी घनपाठी, सगळा वेद तोंडपाठ असलेले. त्यांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. मॉर्फिनच्या गोळ्या मिळवायला तेव्हा सतरा ठिकाणी सह्या लागत. मी त्या मिळवल्या, गोळ्या आणल्या आणि अण्णांनी दोन दिवसांत पुडी कोनाड्यात ठेवून दिली.

"ही दवाई घेतली की जीभ जड होते. स्वर हलतो. मला बिल्कुल नको."

स्वर हलून चालणार नव्हतं. त्यांचा शेवटचा शिष्य, स्वतः दोन मुलांचा बाप, रोज सकाळी मंगला गौरी मोहल्ल्यातून अण्णांकडे संथा घ्यायला यायचा. संथा म्हणजे गुरूने म्हणायचं आणि शिष्याने ऐकून जसंच्या तसं म्हणायचं, पुस्तक नाही. ऋग्वेदाच्या आठांपैकी सात अष्टकं झाली होती, शेवटचं आठवं चालू होतं. तेवढं पुरं करून जायचं, एवढी एकच इच्छा अण्णांना उरली होती.

एका संध्याकाळी त्यांची पाठ शेकताना मी त्यांना गोगलगायीची गोष्ट सांगितली.

"अगं बाई, शंखात विष?" आईने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले.

अण्णांनी मात्र नीट विचारलं, "त्याने डोकं शाबूत राहतं?"

"राहतं," मी म्हणाले. यात वाचलेलं थोडं होतं, आशा जास्त.

"तुला येतं ते?"

"येतं."

"पक्कं?"

"पक्कं, अण्णा. अथपासून इतिपर्यंत."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्यानंतर पाच आठवडे त्यांनी गोळीला हात लावला नाही. संथेच्या मधे त्यांचे ओठ पांढरे पडायचे. मी भांडायची, आई रडायची. ते मला एवढंच म्हणायचे, "तुझं चालू दे." मला वाटायचं, माझी बडबड चालू दे म्हणताहेत. हट्टी म्हातारा म्हणून मी मनात चिडायची.

मग एकदा शिष्याने निघताना मला दारात थांबवलं. "ताई, गुरुजी म्हणतात तुमची दवाई तयार होते आहे. अजून किती दिवस? त्यांचे हाल बघवत नाहीत."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पाठशाळेत 'येतं का?' म्हणजे मुखोद्गत आहे का, आत्ता म्हणून दाखवशील का. ज्याला येतं, त्याच्यापाशी ते असतं. वरवर वाचलेल्याला 'येतं' म्हणायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. आयुष्यभर त्या घरात राहून मला हे कळू नये!

मी आत गेले. "अण्णा, मला ते औषध करता येत नाही. मी फक्त वाचलंय. इथे कधी येईल, तेही सांगता येत नाही."

"वाचलंयस," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मला वाटलं, तू करते आहेस. म्हणून दम धरला."

काही वर्षांनी ते औषध खरंच बाजारात आलं. पंप बसवून थेट कण्यात सोडावं लागतं, आणि त्यानेही काही रोग्यांची आठवण जाते, मन भ्रमतं. म्हणजे डोकं शाबूत राहतं हेही मी खोटंच सांगितलं होतं.

मी खरं सांगितलं त्या दिवशी अण्णांनी स्वतःच मॉर्फिनची गोळी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य आला, झोपलेल्या गुरूपाशी तासभर बसला आणि नमस्कार करून गेला. आठवं अष्टक निम्मं राहिलं ते राहिलंच.

दुपारी त्यांनी डोळे उघडले.

"आज वार कोणता?" सगळ्या गल्लीला तिथी-वार सांगणाऱ्या माणसाने मला विचारलं.

"सोमवार, अण्णा. दुखतंय का?"

त्यांनी जरा विचार केला, अंग चाचपल्यासारखं. "नाही," म्हणाले, आणि इतके नवल वाटल्यासारखे हसले की मला तिथे उभं राहवेना.