बाबांना बोलतं ठेवायच्या पाळ्या

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात ट्रकवाल्यांशी दिवसभर हिंदीत भांडणाऱ्या माझ्या बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं फक्त 'असं, असं'. भूक लागली तरी असं, राग आला तरी असं.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "यांना बोलतं ठेवा." झालं! आमच्या गल्लीचं भजनी मंडळ होतं. त्यांनी पेटी-तबल्याच्या पाळ्या लावाव्यात तशा बाबांच्या पाळ्या लावल्या. सोमवारी शिंपीकाका, मंगळवारी रेल्वेतले रिटायर गार्ड, बुधवारी समोरची काकू. माणसं सोन्यासारखी, पण काय बोलावं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग परीक्षा सुरू व्हायची. "भाऊ, माह्यं नाव सांगा बरं." हातात वांगं धरून, "हे काय व्हय?" बाबांना घाम फुटायचा. मी शाळेत मास्तरीण होते, पहिलीच्या पोरांनाही मी असं छळत नव्हते.

एका सोमवारी शिंपीकाकांनी भिंतीवरचा माझ्या आईचा फोटो काढून बाबांपुढे धरला. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "हे कोन व्हय, सांगा?" बाबा 'असं, असं' करत ढसाढसा रडले. माझं डोकंच फिरलं.

"तमाशा लावला का इथं? उद्यापासून कोणी येऊ नका."

शिंपीकाकांनी फोटो टांगला, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून खरंच कोणी आलं नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी पाच वाजता, पाळीवाले यायच्या वेळेला, बाबांनी डाव्या हाताने शर्ट घातला. बटणं खालीवर. ओट्यावरच्या बाकावर जाऊन बसले. समोरून गार्ड चालले होते. बाबांनी हात वर केला. गार्डांनी लांबूनच नमस्कार केला आणि मान खाली घालून निघून गेले.

"बाबा, ते लोक यावेत असं वाटते तुमाले?" मी विचारलं. मानेने हो-नाही त्यांना सांगता यायचं. त्यांनी मान हलवली, कितीतरी वेळ हलवत राहिले. इतक्या दिवसांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मलाच शिसारी आली.

तशीच शिंपीकाकांकडे धावले. माफी मागितली, हात जोडले. त्यांनी मशीन थांबवली नाही.

"तुमचंच बरोबर होतं, बाई. आमाले काय समजते? उगाच तरास देला भाऊले. आता कोन्या तोंडानं येऊ? कोनीच येनार नाही आता."

घरी आले तेव्हा बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला खरं सांगवेना.

"येतो म्हनाले," मी सांगितलं.

बाबांनी बाकावर सरकून दोन माणसांची जागा केली.